गोडादऱ्यातला प्राइम टाइम

१८ मार्च २०२४. त्या सोमवारी संध्याकाळी स्टार प्रवाहवर ‘घरोघरी मातीच्या चुली’ आणि ‘साधी माणसं’ या दोन मालिका सुरू झाल्या आणि त्याच संध्याकाळी झी मराठीवर ‘नवरी मिळे हिटलरला’ आणि ‘पुन्हा कर्तव्य आहे’. एका दिवसात चार नवे संसार, चार नव्या सासवा, चार नवी शीर्षकगीतं. आठवड्याभरात, २५ तारखेला, कलर्स मराठीवर ‘इंद्रायणी’ आली. गुढीपाडवा त्या वर्षी ९ एप्रिलला होता. मग एवढी घाई कशासाठी? २२ मार्चला आयपीएल सुरू होणार होतं. साडेसातला सामना लागला की घरातल्या एकुलत्या एका टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात जातो हे वाहिन्यांना पक्कं ठाऊक असतं. त्याआधी चार दिवस का होईना, नायिकेचं नाव आणि तिचं दुःख घराघरांत पोचलेलं असावं लागतं. पंचांगात वसंत पाडव्याने सुरू होतो, मराठी प्राइम टाइमचा वसंत मात्र क्रिकेटच्या वेळापत्रकाने ठरतो.

अमेरिकेत मालिका पर्वापर्वाने लिहिल्या जातात. शरदात सुरू होतात, वसंतात संपतात, आणि पुढचं पर्व येईल की नाही हे मधल्या काळात ठरतं. आपल्याकडे मालिकेला पर्व नसतं, स्लॉट असतो. स्लॉट धरून ठेवला तर मालिका पाच वर्षं चालते, सुटला तर सहा महिन्यांत गाशा गुंडाळते. त्यामुळे ‘या वसंतात नवं काय’ हा प्रश्न खरं तर ‘या वसंतात कोणाची जागा रिकामी झाली’ असा असतो. २०२६चा पाडवा १९ मार्चला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिलला. या महिनाभरात जे येईल आणि जे परत येईल त्याकडे मी मुंबई-पुण्यातून पाहत नाही, सुरतेच्या गोडादऱ्यातून पाहतो. इथून मराठी मालिकेचं एक बलस्थान दिसतं, जे समीक्षक सहसा पाहत नाहीत. आणि एक पोकळीही दिसते, जी वाहिन्या पाहत नाहीत.

गोडादरा म्हणजे सुरतेचा पूर्व भाग. शेजारी लिंबायत, डिंडोली, पर्वत पाटिया, पलीकडे उधना. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं तापी व्हॅलीच्या गाडीने इथे आली, लूमवर, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड बाजारात कामाला लागली आणि इथलीच झाली. घरात अहिराणी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, आणि टीव्हीवर मराठी. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, पण पुढच्या शिक्षणाचा विचार करून मुलं गुजराती किंवा इंग्रजीकडे वळतात. अशा मुलाला प्रमाण मराठी कुठे ऐकायला मिळते? पाठ्यपुस्तकात नाही, शेजारीपाजारी नाही. ती त्याला रात्री साडेआठ वाजता, आईच्या मालिकेतून मिळते. ‘मला तुमच्याशी काही बोलायचंय’ असं वाक्य गोडादऱ्यातल्या पोराच्या तोंडी आलं तर ते ‘ठरलं तर मग’च्या अर्जुन सुभेदाराकडून आलेलं असतं. मालिकेच्या संवादांबद्दल मी इतका हळवा का आहे, ते यावरून कळावं.

आता इथे मालिका पाहतात कशी, ते सांगतो, कारण माझ्या लेखी सगळी समीक्षा तिथून सुरू होते. दहा बाय बाराची खोली. भिंतीवर टीव्ही, त्याच्या खाली जमिनीवर साड्यांचा गठ्ठा. एम्ब्रॉयडरी मशीनवरून उतरलेल्या साडीच्या मागच्या बाजूला सुटे धागे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीने कापायचे, याला धागा कटिंग म्हणतात. दुसऱ्या घरी स्टोन चिकटवायचं काम असतं. मोबदला नगावर, म्हणजे नजर साडीवरून हलली की पैसा कमी. सासू, सून, शेजारची वहिनी अशा तिघी-चौघी गोल करून बसतात. टीव्ही चालू असतो आणि टीव्हीकडे कोणी बघत नसतं. एकदम संगीत चढतं, तेव्हा चारही माना वर होतात. पाच सेकंद चेहरा पाहिला जातो, कोणीतरी ‘आते काय व्हई वो माय?’ म्हणतं, आणि माना पुन्हा खाली.

समीक्षकांनी मराठी मालिकेतल्या ज्या खोडींवर वर्षानुवर्षं टीका केली त्या सगळ्या इथे उपयोगाच्या ठरतात. एकच गोष्ट तीन पात्रांना तीनदा सांगितली जाते, कारण पहिल्या वेळी कुकरची शिट्टी वाजत होती. प्रत्येक वाक्यात नाव आणि नातं येतं, कारण कोण बोलतंय हे न बघता कळलं पाहिजे. धक्क्याच्या वेळी चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा झेपावतो आणि सोबत ढोल वाजतो, कारण तेवढाच क्षण डोळ्यांनी पाहिला जाणार आहे. मालिका ही हात कामात गुंतलेल्या बाईसाठी रचलेली गोष्ट आहे. ती डोळ्यांपेक्षा कानांनी पाहिली जाते. ‘ठरलं तर मग’ ५ डिसेंबर २०२२ला सुरू झाली आणि पहिल्या क्रमांकावर तिने ठाण मांडलं, त्याचं एक कारण हेच आहे. सायली हीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी, हे प्रेक्षकाला माहीत आणि घरातल्या माणसांना माहीत नाही. एवढ्या एका गुपितावर मालिकेने दीर्घकाळ तोल सांभाळला. आठवड्यात चार भाग चुकले तरी गुपित जागेवर असतं. बारा-बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या घराला असाच कथाबंध परवडतो. रात्रपाळीचा माणूस तोच भाग दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ऐकत ऐकत झोपी जातो.

याला हिणवण्यात अर्थ नाही, कारण याची परंपरा थोर आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांना महाराष्ट्राने पाहिलं कधीच नव्हतं आणि तरी ते घरचे होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू, बाळ कुडतरकर या तिघांच्या आवाजात तिघांची वयं, स्वभाव, घरातली पायरी सगळं होतं. म्हणूनच आजच्या मालिकांवरचा माझा आक्षेप पुनरावृत्तीचा नाही. कानांसाठी रचलेल्या गोष्टीत आवाजांची एवढी गरिबी का, हा आक्षेप आहे. डोळे मिटून बसलं तर आजच्या नायिकांमधली एक दुसरीपासून वेगळी काढणं कठीण जातं. सगळ्यांची मराठी ठाणे-डोंबिवलीच्या एकाच वळणाची, सगळ्यांचा हुंदका एकाच जागी. ‘ठरलं तर मग’मधली ज्योती चांदेकर यांची पूर्णा आजी या गर्दीत उठून दिसायची, म्हणजे उठून ऐकू यायची. त्या आवाजात अधिकार होता, मिश्किली होती आणि वयाचा खरखरीतपणा होता. १६ ऑगस्ट २०२५ला त्या गेल्या. त्यांच्या जागी रोहिणी हट्टंगडी आल्या. हट्टंगडींच्या तोलाची नटी आली याचा आनंद आहेच, पण धागे कापणाऱ्या बायकांना आजी बदलल्याचं मान वर न करताच कळलं. आवाजाचं मोल याहून वेगळं काय सांगायचं?

नव्या मालिकांकडे येतो. ‘नव्या’ हा शब्द जपूनच वापरावा लागतो. ‘साधी माणसं’ ही ‘सिरगडिक्क आसै’ या तमिळ मालिकेवरून घेतलेली. तिच्याच हिंदी अवताराचं नाव ‘उडने की आशा’, जी स्टार प्लसवर त्याच मार्चमध्ये, आठवडाभर आधी सुरू झाली. हिंदीत ते कुटुंब मराठीच दाखवलं आहे, मुंबईतलं. म्हणजे एकाच तमिळ गोष्टीतली फुलं विकणारी मुलगी एकाच महिन्यात हिंदीत मराठी झाली आणि मराठीत कोल्हापूरची झाली. गोडादऱ्यात दोन्ही वाहिन्या लागतात. मी ज्या घरांत दोन्ही मालिका चालू असलेल्या पाहिल्या, तिथे दोन्हींची तुलना बारकाईने चालायची आणि बरेचदा हिंदीचं पारडं जड ठरायचं, कारण तिथलं घर अधिक भरलेलं, रस्ता अधिक खरा वाटायचा. मराठी वाहिनीने या निकालाची काळजी करावी अशी माझी इच्छा आहे.

‘ठरलं तर मग’ तमिळ ‘रोजा’वरून, ‘रंग माझा वेगळा’ मल्याळम ‘करुत्तमुत्तु’वरून, ‘पारू’ तेलुगू ‘मुद्द मंदारम’वरून, ‘लक्ष्मी निवास’ कन्नडवरून, ‘शिवा’ ओडिया ‘सिंदूर बिंदू’वरून. सुरतेच्या लूम कारखान्यात ओडिशाचा कारागीर आणि खानदेशचा कारागीर शेजारशेजारच्या मशीनवर उभे असतात. दोघांच्या घरी एकच गोष्ट, आपापल्या भाषेत. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. गोष्टी प्रवास करतातच. ‘आई कुठे काय करते’ बंगालीतल्या ‘श्रीमोयी’वरून आली, पण नमिता वर्तक यांची पटकथा, मुग्धा गोडबोले यांचे संवाद आणि मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती यांनी ती मराठी मध्यमवर्गाच्या घरात अशी उतरवली की डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळपास पाच वर्षं ती त्या घराचीच होती. अरुंधतीचं स्वयंपाकघर, तिचं गाणं, तिच्या मुलांची तिच्याबद्दलची गृहीतकं हे सगळं इथलं होतं. पुढे मालिका ताणली गेली आणि अरुंधतीचा निर्धारही पातळ झाला, हेही खरं. तरी रिमेकमध्ये काय साधता येतं याचा तो नमुना आहे.

बहुतेक रिमेकमध्ये कथा येते आणि जागा हरवते. तमिळ मालिकेतली चाळ चेन्नईतल्या एका विशिष्ट गल्लीत असते, तिथलं पाणी कधी येतं हे लेखकाला ठाऊक असतं. मराठीत येताना ती चाळ घोडबंदर रोडवरच्या सेटमध्ये शिरते आणि कुठलीच राहत नाही. पात्राला आडनाव असतं, गाव नसतं. सुभेदारांचा बंगला कोणत्या शहराच्या कोणत्या भागात आहे, तिथली बस कुठे जाते, दूधवाला कोण, हे कोणाला कळावं? ‘आभाळमाया’, ‘वादळवाट’, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ पाहताना हा प्रश्न पडत नसे. टिपऱ्यांचं घर मुंबईतल्या कोणत्या आर्थिक पायरीवर उभं आहे हे आबांच्या एका वाक्यात कळायचं.

परत येणाऱ्या कार्यक्रमांची गोष्ट निराळी. त्यांत वाहिनी परत आणते ते नाव. माणसं परत येतीलच असं नाही. ‘अग्निहोत्र’ २००८मध्ये स्टार प्रवाहच्या पहिल्या मालिकांपैकी एक होती. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, नाशिकचा तो वाडा, एका घराण्याचं गूढ. ती मालिका आजही भल्याभल्यांच्या आठवणीत आहे. २०१९च्या डिसेंबरमध्ये ‘अग्निहोत्र २’ आली आणि काही महिन्यांतच संपली. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ते २०२४ चालली, थांबली, आणि २०२५च्या जुलैमध्ये परतली, पण निलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर, आणि भाऊ कदम नाहीत. गोडादऱ्यात या कार्यक्रमाला फार मान होता. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी ऐकून इथली माणसं खूश व्हायची. वऱ्हाडी काही अहिराणी नव्हे, पण प्रमाण नसलेली एक बोली कोणी मंचावर संकोच न करता बोलतंय, एवढ्यानेही यांना आपलं वाटायचं. गणेशपुरे नव्या पर्वातही होते, श्रेया बुगडे आणि कुशल बद्रिकेही. मात्र भाऊ कदमांनी न बोलता पिकवलेला हशा तिथे नव्हता, आणि नुसत्या नावाने ती उणीव भरून निघत नाही.

‘देवमाणूस’च्या परतण्याला मात्र मी दाद देतो. किरण गायकवाडचा बनावट डॉक्टर २०२०मध्ये आला, पुढच्या वर्षाअखेरीला दुसऱ्या पर्वात आला आणि २ जून २०२५ला ‘मधला अध्याय’ म्हणून पुन्हा. नावाप्रमाणे कथा मागे, मधल्या काळात गेली. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असताना मधलं सांगायचं, हे धाडस दैनंदिन मालिकेत सहसा होत नाही. खलनायकाच्या डोळ्यांनी गाव दाखवायचं, तेही रोज, हेही सोपं नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ने हे आधी केलं होतं. आकेरीच्या वाड्याला तीन पर्वांत तिने असं पात्र बनवलं की माणसं सावंतवाडीला जाऊन तो वाडा पाहू लागली.

आकेरीवरून जागेच्या मूळ प्रश्नाकडे वळता येतं. २०१५च्या ऑक्टोबरपासून बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेने ग्रामीण भागाची प्रेक्षकमोजणी सुरू केली. त्यानंतर वर्षभरात मराठी मालिकेने बंगला सोडून गाव धरलं. २०१६मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ मालवणी घेऊन आली आणि ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापुरी. २०१७मध्ये ‘लागिरं झालं जी’ साताऱ्याची रांगडी बोली घेऊन आली, तेजपाल वाघ यांच्या लेखणीतून. त्याच सुमारास ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपूरचा ठसका मुंबईच्या सोसायटीत मिरवत होती. मराठी टीव्हीच्या इतिहासातला हा काळ मला सर्वांत उजवा वाटतो. मोजणी बदलली की कलेचा चेहरा बदलतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. कोकण आलं, कोल्हापूर आलं, सातारा आला, नागपूर आलं.

खानदेश आला नाही. माझ्या माहितीत पहिल्या रांगेतल्या कोणत्याही मालिकेचं घर अहिराणी बोललेलं नाही. बहिणाबाईंचं जळगाव, भालचंद्र नेमाड्यांचं सांगवी, साहित्यात या भागाने मराठीला एवढं दिलं, आणि टीव्हीवर त्याला बाजूच्या पात्राएवढीही जागा मिळू नये? कारणं दिसतात. कोल्हापूरला चित्रपटधंद्याची शंभर वर्षांची पुण्याई आहे, साताऱ्याला पुणे जवळ, कोकणाचे नट-लेखक मुंबईत पिढ्यान् पिढ्या. जळगाव-धुळ्यात चित्रीकरणाची यंत्रणा उभी राहिली नाही. शिवाय अहिराणी प्रमाण मराठीपासून लांब आहे, पुण्याच्या कानाला ती एका दमात कळत नाही, तिच्यात गुजरातीची छटा आहे. पण मालवणी तरी सुरुवातीला कुठे कळत होती? पुढे अख्खा महाराष्ट्र ‘रात्रीस खेळ चाले’तल्या अण्णा नाईकांची भाषा बोलू लागला.

वसंतातच हे सर्वांत जास्त बोचतं. वाहिन्यांवर होळीचे, पाडव्याचे विशेष भाग होतात. मालिकांचे महासंगम होतात, नऊवारी नेसून शोभायात्रा निघतात, गिरगावची आणि डोंबिवलीची. अक्षय्य तृतीयेला फार तर सोनं खरेदीची जाहिरात. खानदेशात आखाजी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण आहे. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराई बसते, घागर भरली जाते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आखाजीच्या सुमाराला उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. लेक, माहेर, सासू, परतीची घालमेल, भावजयीशी रुसवा, सालभर साठवलेलं बोलणं, अशी अवघी मराठी मालिका या एका सणात आयती मांडून ठेवली आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा गोडादऱ्याच्या गल्ल्यांतून तिची मिरवणूक वाजतगाजत निघते, रोट खाल्ले जातात. मालिकेत श्रावण म्हणजे मंगळागौर. मंगळागौरीशी माझं वाकडं नाही, पण दर वर्षी तेच खेळ पाहताना आपल्या घरातली कानबाई कोणाला दिसत नाही हे इथल्या बायकांच्या मनात येतंच, आणि त्या ते बोलूनही दाखवतात.

गुजरातेत राहणाऱ्या मराठी प्रेक्षकाची अडचण तर दुहेरी आहे. बार्कच्या तक्त्यात मराठी वाहिन्यांची चढाओढ महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेत मोजली जाते. गुजरात वेगळ्या रकान्यात, दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीसोबत. म्हणजे गोडादऱ्यातल्या घराने तीन वर्षं ‘ठरलं तर मग’चा एकही भाग चुकवला नाही तरी त्या मालिकेच्या पहिल्या क्रमांकात त्या घराचा हात नाही. जाहिरातदाराला मराठी वाहिनीवर महाराष्ट्रातलं गिऱ्हाईक हवं असतं, हा हिशोब मला कळतो. पण लिंबायत, उधना, चोर्यासीची मराठी मतं राजकारणाने कधीच मोजून ठेवली आहेत. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून २०१९ला जवळपास ६ लाख ९० हजारांच्या मताधिक्याने निवडून आले, त्या मतदारसंघात हाच भाग येतो. राजकारण्यांना जी माणसं दिसली ती करमणुकीच्या धंद्याला दिसू नयेत याचं मला नवल वाटतं. स्थलांतरित मराठी कामगाराचं घर, नवरा लूमवर, बाई धागा कटिंगला, सासू गावी शेताकडे लक्ष ठेवून, मुलगा गुजरातीत गणित शिकणारा, हे घर मी एकाही वाहिनीच्या एकाही प्रोमोत अजून पाहिलेलं नाही. मराठी मालिकेत बाहेरगावी जाणं म्हणजे अमेरिकेला जाणं.

ही पोकळी मोबाइलने भरायला घेतली आहे. सचिन कुमावत आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींची अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली. ‘हाई झुमकावाली पोर’ सुरतेच्या लग्नांत जेवढं वाजलं तेवढं कोणत्याही मराठी सिनेमाचं गाणं वाजलं नसेल. मालेगावने याच्याही आधी वाट पाडली होती. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हातातल्या कॅमेऱ्याने ‘मालेगाव के शोले’ केला, आणि त्या वेडाची दखल पुढे फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाने आणि २०२५मध्ये रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने घेतली. या अहिराणी व्हिडिओंचं मी सरसकट कौतुक करणार नाही. बरेच विनोद बायकोच्या मारावर आणि दारूवर चालतात, गाण्यांत पोरीच्या झुमक्यापलीकडे पोर दिसत नाही. तरी त्यांत अंगण खरं आहे, खाट खरी आहे, आणि बोलणाऱ्याला आपल्या बोलीची लाज नाही. कलर्स मराठीच्या ‘बिग बॉस’चं पाचवं पर्व २०२४मध्ये सूरज चव्हाणने जिंकलं. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, मोबाइलवरच्या रील्समुळे ओळखला जाणारा पोरगा. मोबाइलवर तयार झालेला प्रेक्षक टीव्हीवर येतो, मत देतो, हे तेव्हा सिद्ध झालं. वाहिनीने या धड्याचा अर्थ फक्त ‘रीलस्टार आणा’ एवढाच घेतला तर ते फार तोकडं होईल. सूरजबरोबर त्याचं गाव, त्याची गरिबी, त्याची भाषा आली होती. लोकांनी त्याला मत दिलं ते त्या सगळ्यासाठी.

या वसंतातल्या कार्यक्रमांत माझं सगळ्यांत जास्त लक्ष आहे ते स्टार प्रवाहच्या सावित्रीबाई फुल्यांवरच्या मालिकेकडे. मधुराणी प्रभुलकर सावित्रीबाई, अमोल कोल्हे जोतीराव. याच विषयावर सोनी मराठीने जानेवारी २०२०मध्ये ‘सावित्रीजोती’ आणली होती, अश्विनी कासार आणि ओंकार गोवर्धन यांच्यासह. ती चांगली होती. अभ्यास करून लिहिलेली, बडेजाव न करणारी. वर्ष सरताना ती बंद झाली, कारण टीआरपी मिळाला नाही. तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली, पण हळहळणाऱ्यांपैकी किती जण ती रोज पाहत होते हा प्रश्न उरतोच. आता तोच विषय सर्वांत मोठ्या वाहिनीवर, प्राइम टाइमला, अरुंधतीच्या चेहऱ्याने येतो. अरुंधतीचं पुण्य सावित्रीबाईंच्या कामी येत असेल तर स्टार पद्धतीला माझा विरोध नाही.

पण दोन गोष्टी मी बारकाईने पाहतो. पहिली भाषेची. सावित्रीबाई नायगावच्या, नेवसे पाटलांच्या घरातल्या. लग्न होऊन त्या पुण्यात आल्या, अक्षर शिकल्या, आणि त्यांचं बोलणं वर्षागणिक बदलत गेलं असणार. तो बदल नटीच्या आवाजात ऐकू यायला हवा. पहिल्या भागापासून त्या सुभाषितांत बोलू लागल्या तर शिकणारी मुलगी दिसणार नाही, पुतळा दिसेल. दुसरी गोष्ट आयपीएलच्या दोन महिन्यांत ही मालिका कशी टिकते त्याची. ‘सावित्रीजोती’ला जो धीर मिळाला नाही तो हिला मिळतो का, की मे महिन्यात जोतीरावांच्या घरात एखादी कारस्थानी जाऊ घुसवली जाते, आणि भिडेवाड्यातली शाळा मागे पडून सासू-सुनेचा ट्रॅक पुढे येतो.

गोडादऱ्यात ही मालिका लागली की धागे कापणाऱ्या हातांचा वेग थोडा कमी होतो, हे मी दोन-तीन घरांत पाहिलं. बाया टीव्हीकडे जास्त वेळ बघतात. शेण अंगावर झेलून शाळेकडे चालत जाणारी बाई नुसती ऐकून भागत नसावी. एका घरात सातवीतल्या मुलीने आईला मध्येच थांबवून विचारलं की तेव्हाच्या मुली कोणत्या भाषेत शिकायच्या. आईने ‘मराठीत’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘आपल्यासारख्या मराठीत की टीव्हीसारख्या?’